क्रोशावाल्या काकू

काकूंना ‘किती नंबरची सुई आहे हो ही?’ असं विचारायचं नसतं. विचारलंत, तर त्या आधी तुमच्या बोटांकडे बघतात, मग चष्म्यावरून तुमच्याकडे, आणि म्हणतात, "नंबराचं काय लोणचं घालायचंय? हाताला बसली पाहिजे." हे बोलताना हात थांबलेला नसतोच.

त्यांचं आडनाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण टिळकनगर-रामनगरपासून मानपाडा रोडपर्यंत डोंबिवलीच्या प्रत्येक जुन्या बिल्डिंगीत या काकू आहेत. लाईन ओलांडून पश्चिमेला, विष्णूनगरातही आहेत. मात्र आमच्या काकूंचं तिकडच्यांविषयी एक मत आहे: "पश्चिमेच्या बायकांचा हात सैल." याला पुरावा विचारू नये.

संध्याकाळी पाच वाजता काकू दारात खुर्ची टाकून बसतात. दोऱ्याचा गुंडा लोळत जिन्यावरून खाली जाऊ नये म्हणून तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणीच्या झाकणाला भोक, भोकातून दोरा. ओळी मोजायला वाटीत चिंचोके. एक ओळ झाली की एक चिंचोका इकडच्या वाटीतून तिकडच्या वाटीत. सुया श्रीखंडाच्या डब्यात. घरात असे तीन डबे आहेत: एकात स्टीलच्या सुया, एकात अॅल्युमिनियमच्या, तिसऱ्यात कुठल्या कपड्यांची होती ते कुणालाच आठवत नाही अशी बटणं. काका अजून दर रविवारी आशेने एखादा उघडतात.

त्यांच्याशी बोलायला गेलेल्या माणसाने आधी त्यांची डावी भुवई बघावी. भुवई वर असली म्हणजे मोजणी चालू आहे. अशा वेळी कुरियरवाला, मीटर बघायला आलेला माणूस, साक्षात जावई, सगळे उंबऱ्याबाहेर उभे राहतात. "...बावीस, तेवीस, चोवीस. हं, बोला आता." मध्येच कुणी तोंड उघडलं तर काकू रागावत नाहीत. ‘उसवायला लावलंस’ एवढंच म्हणतात, आणि ते ऐकणाऱ्याला दिवसभर पुरतं.

दुसरं पेटंट वाक्य म्हणजे ‘एवढी ओळ होऊ दे’. दूध उतू जातंय, एवढी ओळ होऊ दे. रिक्षा खाली उभी आहे, एवढी ओळ होऊ दे. थाळपोस, म्हणजे ताटावरचा रुमाल, तर गोल असतो. गोल विणकामात ओळ नेमकी कुठे संपते, हे काकांना इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही आणि विचारायची त्यांची हिंमत नाही.

हे वेड लोकलमध्ये पक्कं झालं. काकू फोर्टातल्या एका ऑफिसात होत्या आणि लेडीज डब्यातल्या चौथ्या सीटवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. दोन सुयांचं विणकाम लोकलमध्ये चालत नाही. कोपर बाहेर येतं, सुईचं टोक शेजारणीच्या पोटात जातं आणि भांडण ठाण्यापर्यंत पुरतं. क्रोशाला सुई एकच, तीही वीतभर, आणि टोक वळलेलं. शिवाय दोन सुयांवर सगळे टाके रांगेने उभे असतात. सुई निसटली की वीस टाके गळाले. क्रोशात एका वेळी सुईवर जिवंत टाका साधारण एकच. दादरला उतरणाऱ्या बाईने कितीही जोरात धक्का दिला तरी नुकसान एका टाक्याचं. फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि डब्यातले दिवे गेले, तरी काकूंचा हात चालूच असायचा. हा बोगदा १९१६ सालचा आणि सव्वा किलोमीटरहून लांब आहे, असं मी वाचलेलं आहे. काकूंच्या हिशेबात तो ‘वीस खांबांचा’, म्हणजे वीस टाक्यांचा, आहे. आजही एखादा रुमाल दाखवताना त्या सांगतात, "हा अर्धा लोकलमधला आणि अर्धा मेगाब्लॉकमधला. मेगाब्लॉकमधला भाग जास्त चांगला आलाय."

घरात झाकण्यासारखं जे जे होतं ते काकूंनी झाकलं. टेलिफोन, मिक्सर, फ्रिजची मूठ, पाण्याच्या ग्लासांवर मणी लावलेली जाळीची झाकणं. बारशाची कुंची त्यांची, रुखवतातला थाळपोस त्यांचा, बाळकृष्णाचा थंडीतला अंगरखा त्यांचा. टीव्ही जाड होता तोवर त्याच्या डोक्यावर एक तिकोनी रुमाल पुढे लोंबत असे आणि निवेदिकेच्या कपाळापर्यंत येई. मग टीव्ही सपाट झाला. नवा टीव्ही भिंतीला लागला त्या दिवशी काकू त्याच्या वरच्या कडेकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. बोटभर रुंदी. "ह्याच्यावर काय ठेवायचं?" असं त्या खऱ्या दुःखाने म्हणाल्या. सध्या तो रुमाल राऊटरवर आहे आणि राऊटर तापतो अशी नातवाची तक्रार आहे.

आता नंबराचं. काकूंचा नंबरावरचा राग उगाच नाही. त्यांच्या आईची एक बारीक स्टीलची सुई होती, वीस नंबरच्या दोऱ्याला अगदी बेताची. आई तिला ‘आठ नंबर’ म्हणायची. तशीच आणखी एक असावी म्हणून काकूंनी परदेशातल्या सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडला: येताना आठ नंबरची सुई आणा.

न्यू जर्सीची भाची घेऊन आली ती अॅल्युमिनियमची, तिच्यावर इंग्रजी ‘एच’ आणि पुढे ८. जाडी पाच मिलीमीटर. काकू म्हणाल्या, "हिने मी काय मांडव विणू?" इंग्लंडातल्या पुतण्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून हौसेने एक आठ नंबर शोधून आणली, ती निघाली चार मिलीमीटरची. भाचेजावई जपानला होते. त्यांनी लेसच्या सुईतली आठ नंबर आणली, ०.९ मिलीमीटर. तिचं टोक दिसायला काकूंना दोन चष्मे लागले. त्यांनी पुढे अशीही माहिती दिली की जपानात लोकरीच्या सुयांचा आणखी एक आठ असतो, त्याच्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य, आणि तो पाच मिलीमीटरचा. यावर काकूंनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. त्यांनी लोकसत्ता पसरला, सगळ्या सुया ओळीने मांडल्या आणि व्हर्नियर काढला. पहिलं माप त्यांनी सुईच्या डोक्याचं घेतलं, तर काकूंनी हातावर चापट मारली. क्रोशाच्या सुईचं माप डोक्याचं नसतं, दांडीचं असतं, कारण टाका बसतो दांडीवर. दांडी जेवढी जाड तेवढा टाका मोठा. काकांनी निमूटपणे दांड्या मोजल्या. आईची सुई आली दीड मिलीमीटर. म्हणजे अमेरिकेतल्याच स्टीलच्या सुयांमधला आठ. एकाच देशात अॅल्युमिनियमचा आठ पाचाचा आणि स्टीलचा आठ दीडाचा, आणि स्टीलचा आठही काही कंपन्यांचा १.४ च भरतो. "चार आठ," काकू म्हणाल्या, "आणि एक आठ दुसऱ्याला ओळख देत नाही."

यात आणखी गंमत अशी की अॅल्युमिनियमच्या अमेरिकी सुयांचा नंबर वाढला की सुई जाड होते, स्टीलच्या सुयांचा वाढला की बारीक. दोऱ्याचंही स्टीलसारखंच: दहा नंबरचा दोरा जाड, चाळीसचा केसासारखा. अमेरिकेत अक्षरंही लावतात, पण चार मिलीमीटरच्या ‘जी’ आणि पाचाच्या ‘एच’च्या मध्ये साडेचाराची जी सुई येते, तिच्या वाट्याला बहुतेक वेळा अक्षरच नाही, नुसता ७. काकूंना तिच्याविषयी ममता आहे. ती त्यांनी मागवूनही घेतली आहे, वापरत मात्र नाहीत.

नंबर उलटा का चालतो, हे शेवटी काकांनी उलगडलं. इंग्लंडातल्या त्या जुन्या सुईचे ४ मिलीमीटर बघून त्यांना काहीतरी आठवलं. ते आत गेले, कारखान्यातली तेलाचे डाग पडलेली वही घेऊन आले आणि त्यांनी तारेच्या गेजचा तक्ता काढला. ब्रिटनने १८८३ साली कायम केलेलं स्टँडर्ड वायर गेज, आपले वायरमन आजही ज्याला एसडब्ल्यूजी म्हणतात ते. त्यात आठ गेजची तार ४.०६ मिलीमीटर. चौदा गेजची २.०३, आणि इंग्लंडातली जुनी चौदा नंबरची सुई २ मिलीमीटर. "अगं, सुई कसली, ही तारच आहे!" काका ओरडले. तार भोकाभोकांच्या पट्टीतून ओढून बारीक करतात. जितक्या वेळा ओढावी तितका नंबर वर आणि तार बारीक. म्हणून नंबर उलटा. संसार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या नोकरीचा आणि काकूंच्या विणकामाचा संबंध लागला होता. पुढे दोन दिवस ते जिन्यात भेटेल त्याला आठ गेज समजावून देत होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दोरा कुठल्या भोकातून ओढलाय?"

पण मिलीमीटर कळल्यानेही काम भागत नाही, हे काकूंचं म्हणणं मला पुढे पटलं. त्यांनी दोन सुया हातात दिल्या. दोन्ही अडीच मिलीमीटर. एकीचं डोकं दांडीच्या सरळ रेषेत आणि खाच खोल कोरलेली. दुसरीची मान निमुळती आणि डोकं गोलसर. पहिली दोरा घट्ट धरते, दुसरी त्याला अलगद सोडते. मिलीमीटर तेच, स्वभाव निराळे. नवी सुई घेताना काकू ती खालच्या ओठावरून हळूच फिरवतात. खरखर लागली की परत. दुकानदार ‘मावशी, पॅकेट फोडू नका’ म्हणतो, तोवर सुई ओठाला लागलेली असते. अॅल्युमिनियमची सुई पांढऱ्या दोऱ्याला काळपट करते, म्हणून गौरींच्या रुमालाला फक्त स्टील. आणि नंबर छापायची जागा कुणी ठरवली असेल ती असो, पण तो नेमका अंगठा टेकायच्या चपट्या भागावर असतो. म्हणजे सुई जितकी आवडती, तितका तिचा नंबर लवकर पुसला जातो. काकूंच्या डब्यात नंबर वाचता येतो अशा सुया आहेत, पण त्या पाहुण्यांसाठी.

काकूंचं खरं शास्त्र हाताचं. दोरा तोच, सुई तीच, नमुना तोच. एक बाई विणते तर कपाखालची चकती होते आणि दुसरी विणते तर ताटावरचा रुमाल. याला त्या ‘घट्ट हात’ आणि ‘सैल हात’ म्हणतात आणि त्यावरून माणसाची कुंडली मांडतात. घट्ट हाताची बाई हिशेबी. सैल हाताची प्रेमळ पण फोडणी जाळणारी. कुणाचंही विणकाम हातात आलं की त्या आधी ते पालथं करतात. "सुलटी बाजू कुणाचीही छान असते." उलट्या बाजूला दोऱ्याची टोकं कशी दडवली आहेत ते बघतात आणि ‘बरंय’ म्हणतात. ‘बरंय’ हा पहिला वर्ग. एकदाच त्या काही बोलल्या नाहीत. एका प्रदर्शनात आंध्रातल्या नरसापूरच्या लेसचा टेबलक्लॉथ होता. गोदावरीकाठच्या त्या भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशा शिकवला, तिथल्या हजारो बायका घरबसल्या तो विणत आल्या, आणि २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. काकूंनी तो पालथा केला, पुन्हा सुलटा केला, किंमत वाचली आणि विक्रेत्याला विचारलं, "ह्यातले विणणारीला किती?" त्याला ते सांगता आलं नाही. काकू बाहेर पडल्या त्या गप्पच.

हाताच्या शास्त्राची खरी परीक्षा सोसायटीच्या गणपतीत झाली. २०१६ साली चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटाने देशोदेशी विणलेले चौकोन जोडून ११ हजार चौरस मीटरहून मोठी चादर केली आणि गिनेस बुकात नाव लावलं. ते कात्रण काकूंनी जपून ठेवलं होतं. आमच्या बायकांनी ठरवलं की बाप्पामागचा पडदा आपणही असाच चौकोनांचा करू. काकूंचा पहिला प्रश्न: "त्यांचे चौकोन सारखे कसे आले?" कुणी लक्ष दिलं नाही. एकाच दुकानातून एकाच रंगाचा दोरा आणला, तीन मिलीमीटरच्या डझनभर सुया आणल्या, नमुना वाटला. पंधरा दिवसांनी चौकोन जमा झाले. बँकेतल्या मॅडमचे साडेचार इंची, तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचे सहा इंची, बाकीचे मध्ये कुठेतरी. जोडायला घेतलं तर पडदा झग्यासारखा घोळदार दिसायला लागला.

काकूंनी सगळ्यांच्या सुया परत मागवल्या. रात्रभर बसून प्रत्येकीसाठी दुसरी सुई निवडली. घट्ट हाताला जाड, सैल हाताला बारीक. मग औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी काढून प्रत्येक सुईच्या अंगठ्याच्या जागेवर, जिथे नंबर असतो तिथे, गुंडाळली. वर पेनने फक्त नावं लिहिली. सकाळी वाटताना म्हणाल्या, "पट्टी काढायची नाही. धरायला बरी पडते." आठवडाभरात सगळ्यांचे चौकोन पाच इंची यायला लागले. बायका खूश. ‘आता हात बसला हो आमचा,’ असं मॅडम अभिमानाने सांगायच्या. त्यांच्या हातात साडेतीनची सुई होती.

मग सूनबाईंनी पट्टी काढून बघितली. अडीच! मॅडमचीही काढायला लावली. साडेतीन! ‘मला बारीक का?’ आणि ‘म्हणजे मी काही चुकत होते का?’ हे दोन्ही प्रश्न एकाच संध्याकाळी काकूंच्या दाराशी आले. चपलेचा नंबर, ब्लाऊजचं माप आणि सुईची जाडी या तिन्ही गोष्टी बायकांनी मनाला लावून घ्यायच्या असतात, असा माझा समज तिथे पक्का झाला. (पुरुषांचं गाडीच्या सीसीबाबत हेच होतं, त्यामुळे हसायचं काम नाही.) काकूंनी मॅडमना आत घेऊन सांगितलं, "तुमचा टाका फार रेखीव, म्हणून मोठी सुई दिली, नाहीतर दिसलाच नसता." सूनबाईंना गॅलरीत नेऊन सांगितलं, "तुझ्या हाताला नाजूक सुई शोभते, सगळ्यांना नाही देत मी." पडदा वेळेत उभा राहिला. त्यातला कुठला चौकोन कुणाचा, हे विसर्जनापर्यंत कुणाला ओळखता आलं नाही.

हल्ली नात मोबाइलवर बघून लोकरीची अस्वलं आणि ऑक्टोपस विणते. त्याला अमिगुरुमी म्हणतात. लोकरीच्या लेबलवर पाचाची सुई लिहिलेली असते आणि ती घेते साडेतीनची, नाहीतर टाक्यांमधून आतला कापूस दिसतो. हे पाहून काकूंचा ऊर भरून आला: पोरगी नंबर जुमानत नाही! पण नातीचे व्हिडिओ अमेरिकी आणि काकूंचं जुनं पुस्तक इंग्लंडचं. अमेरिकेतला ‘डबल’ म्हणजे आपला खांब आणि इंग्लंडचा ‘डबल’ म्हणजे मुका खांब, म्हणजे जवळपास निम्म्या उंचीचा. आजीच्या पुस्तकातलं बाळाचं टोपडं नातीने व्हिडिओच्या हिशेबाने विणलं आणि ते काकांना बसलं. काका थंडीत सकाळी फडके रोडवर फिरायला जाताना घालतात. त्यांना कान झाकायला काहीतरी हवंच होतं.

राहता राहिली ती आईची सुई. गणपतीच्या धांदलीत पडद्याची बारीक कडा विणायला म्हणून काकूंनी ती कुणाला तरी दिली. जन्मात दिली नव्हती, तेव्हाच दिली. ती परत आलेली नाही आणि कुणाला दिली हे त्यांना आठवत नाही. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला मला सांगितलं आहे, तेच इथेही टाकतो. दीड मिलीमीटरची स्टीलची सुई, अंगठ्याच्या जागी नंबर साफ झिजलेला, मानेशी किंचित वाकलेली, ओठावरून फिरवल्यास खरखर नाही. डोंबिवली पूर्व किंवा पश्चिम, कुणाच्या शिवणाच्या डब्यात असेल तर कृपया आणून द्या. खात्री करायला काका व्हर्नियर घेऊन संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. काकूंची भुवई वर असेल तर जरा थांबा.